अडलेला बफर आणि एका बाळाचं हृदय

मी ड्रायव्हर दुरुस्त करते असं सांगितलं की रत्नागिरीत लोक आधी माझ्या गाडीकडे बघतात. माझा ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क यांच्या मधला प्रोग्राम. पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी मी घरून काम करते. दवाखान्यातल्या तपासण्यांचे फोटो साठवणारी पेटी ही कंपनी बनवते आणि त्या पेटीतला डिस्कचा ड्रायव्हर माझ्याकडे असतो.

अशी एक पेटी आमच्याच गावातल्या एका खाजगी दवाखान्यात होती आणि ती अधूनमधून गोठायची. पुण्यात कितीही प्रयत्न केला तरी तसं घडत नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "तू तिथेच आहेस, एकदा जाऊन बघ."

मी गेले तो नेमका लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा दिवस निघाला. ते मुंबईहून येतात, तेही काही महिन्यांतून एकदा. बाहेरच्या बाकांवर बायका आणि पोरं दाटीने बसली होती. फोटो सांभाळणारी टेक्निशियन साधारण माझ्याच वयाची. मला बघून म्हणाली, "मॅडम, आज मशीनला हात नका लावू. नुसत्या बसा." मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

दुपारी तपासण्या आटोपल्या आणि डॉक्टर मुंबईची गाडी पकडायला स्टेशनवर गेले. शेवटच्या बाळाच्या हृदयात जन्मापासून भोक होतं. ते आता बारीक झालंय असं डॉक्टरांना वाटत होतं, पण ऑपरेशन करायचं की नाही हे मुंबईचे सर्जन फोटो बघून ठरवणार होते. टेक्निशियनने त्या बाळाचे जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी उघडले आणि पडदा गोठला. माऊसचा बाण जागचा हलेना.

"नेहमीचंच आहे," असं म्हणत तिने बटणाकडे हात नेला. "बंद करून चालू केलं की होतं."

"थांबा!" मी जवळजवळ ओरडलेच.

लिहिणं चालू असताना लुकलुकणारा पेटीवरचा डिस्कचा दिवा मध्येच विझलेला होता. म्हणजे आजचे फोटो मेमरीत आले होते, पण डिस्कवर उतरले नव्हते. वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं.

एवढ्यात त्या बाळाची आई दारात आली. राजापूरच्या आतल्या गावातली, बाळ खांद्यावर गाढ झोपलेलं. माझा आवाज ऐकूनच आली असावी.

"काय झाला वो? फोटो गेले काय?"

"नाही, अजून आहेत," मी म्हटलं.

"हा झोपल्याशिवाय काढू देत नाय. आज कसाबसा निजवला."

जुने-नवे फोटो एकत्र उघडताच सगळं अडलं, हे आठवून तिच्याकडे बघत असतानाच मला पेटीचा घोळ उमगला. डिस्कवर काही लिहायचं तर आमचा ड्रायव्हर आधी मेमरीचा एक तुकडा मागून घेतो. त्याला बफर म्हणतात. लिहून झालं की तो परत करतो. फोटो बघायचा प्रोग्राम भरमसाट मेमरी घ्यायचा. मेमरी संपत आली की सिस्टिम न लिहिलेलं डिस्कवर उतरवून जागा मोकळी करायला बघते. पण ते उतरवायचं काम ड्रायव्हरचं, आणि त्याला त्यासाठी बफर हवा. बफर मिळाल्याशिवाय लिहिणं नाही आणि लिहिल्याशिवाय बफर नाही. दोघं एकमेकांची वाट बघत थांबलेले. पुण्यातल्या यंत्रात मेमरी ऐसपैस होती, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नाही.

एक उपाय होता. कीबोर्डवर ठराविक कळा एकत्र दाबल्या की सिस्टिम सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम बंद करून टाकते. तो बहुधा फोटो बघायचाच प्रोग्राम असणार. पण एवढ्या अडलेल्या अवस्थेत मी हे कधी केलं नव्हतं.

मी टेक्निशियनला सरळ सांगितलं, "वाचतील असं वाटतं. खात्री देत नाही."

"आणि बंद केलं तर?"

"तर नक्की जातील."

"मग दाबा."

मी कळा दाबल्या. पडद्यावरची फोटोंची खिडकी नाहीशी झाली, पडदा काळा झाला. आई बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग डिस्कचा दिवा एकदा लुकलुकला, थांबला, आणि मग एकसारखा लुकलुकायला लागला.

"लिहितोय," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

दिवा शांत झाल्यावर टेक्निशियनने शेवटचा फोटो उघडला, तो हलता होता, व्हिडिओसारखा. काळ्या पडद्यावर मुठीएवढंही नसलेलं हृदय उघडझाप करत होतं. आई वाकून बघत राहिली.

"ह्या माझ्या पोराचा काय? डॉक्टरांनी सांगितलानी भोक बारीक झालाय म्हणून. पण माका आत्ता खरा वाटतंय."

टेक्निशियन आधी हसली आणि मग तिने डोळे पुसले. आम्ही तिघींनी दवाखान्याच्या दारातच चहा घेतला. तेवढ्यात फोटो मुंबईला गेलेही.

दुरुस्ती तशी लहान होती. पेटी चालू होतानाच ड्रायव्हरने थोडे बफर मागून बाजूला ठेवायचे आणि अडचणीच्या वेळी त्यातलेच पुन्हापुन्हा वापरायचे. मग मेमरी कितीही आटली तरी एक तरी लिखाण पुढे सरकतं, आणि एक सरकलं की पुढचं सरकतं. पुण्यातल्या मैत्रिणीने मुद्दाम मेमरी कमी करून यंत्र तासन्‌तास चालवलं आणि मला फोन केला. "अगं, रखडतोय, पण थांबत नाहीये!" आम्ही दोघी उगाचच खूप हसलो.

त्याच आठवड्यात मी बाजारात मासे निवडत असताना टेक्निशियनचा फोन आला. सर्जनचं उत्तर आलं होतं. ऑपरेशन नको, भोक आपसूक बुजेल, फक्त वर्षाने दाखवायला या.

"आईला कळवलंत?" मी विचारलं.

"पहिला तिलाच केला," ती म्हणाली. "रडत होती. मागे बाळही रडत होतं, पण ते भुकेने."

कोळीण सुरमईचे तुकडे करून पिशवी पुढे धरून उभी होती. मी आणखी थोडे बांगडे घेतले आणि घरी चालत निघाले.