कंडक्टरांची फाईल उघडेना

काकूंच्या दुकानात माणूस यायचा तो तोंड पाडूनच. हसत कोण येणार? ज्याची फाईल उघडते तो गुपचूप घरी बसून काम करतो. पाटीवर टायपिंग, प्रिंट, झेरॉक्स असं सगळं लिहिलेलं होतं, पण रस्त्यावरची माणसं त्यांना ओळखायची ती फाईलवाल्या काकू म्हणूनच.

तोंडाने फटकळ बाई. "उघडत नाही म्हणजे काय? मशीन काय म्हणालं? वाचलंत? नाही ना! खिडकी आली की दाबलं ओके. चावणार होती का ती तुम्हाला?" एक जण तर पेनड्राइव्हवर फाईल न आणता तिचा नुसता शॉर्टकटच घेऊन आला होता. काकू म्हणाल्या, "दादा, तुम्ही घराचा पत्ता आणलात, घर घरीच राहिलं." पण शिव्या घालून झाल्या की त्याच बाई असं जपून काम करायच्या की बघत राहावं. आधी फाईलची कॉपी, मूळ फाईलला हात लावायचा नाही. मग तिचा आकार बघायचा. तिथे त्या कुणाची भीड ठेवत नसत. आकडा अगदीच बारीक दिसला की तोंडावर सांगायच्या, "आत काही नाही. उगाच आशा लावून बसू नका. घरी जा आणि पुन्हा लिहायला घ्या." कुणी रडकुंडीला आलं तरी त्यांचं उत्तर बदलायचं नाही. खोटी आशा दाखवणं म्हणजे पाप, असं त्यांचं मत होतं.

आणि आता त्यांच्या स्वतःच्या घरातली फाईल उघडत नव्हती.

ती फाईल यजमानांची. यजमान बसचे कंडक्टर. बोलायला लागले की शेवटचा स्टॉप आल्याशिवाय थांबायचे नाहीत. घरी आले तरी तेच. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं साग्रसंगीत. काकू कावायच्या, "अहो, कान किटले माझे!" ते म्हणायचे, "मग पुढच्या स्टॉपला उतर."

निवृत्तीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. माणसाचं घ्यायचं तर काहीही घ्यावं, पण या माणसाचा आवाज घ्यावा! देवाला काही हिशेब असतो की नाही, कोण जाणे.

कागदावर लिहायला जावं तर हात थरथरायचा. मोबाईलची बटणं त्यांच्या जाड बोटांना कुठली सापडायला! मग काकूंनी दुकानातलं मोडीत काढलेलं मशीन घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, अक्षरं मोठी करून दिली, नवी फाईल उघडून दिली. "घ्या. बोला आता." एका बोटाने ते लिहायला लागले. ते लिहायचे, काकू येता-जाता वाचायच्या आणि तोंडाने उत्तर द्यायच्या. दोन वर्षांहून जास्त संसार असाच चालला. भांडण झालं की ते अक्षरं आणखी मोठी करायचे. एकदा तर इतकी मोठी केली की अख्ख्या पडद्यावर एकच शब्द मावला, 'नाही'. काकू हसून हसून खाली बसल्या. भांडण तिथेच संपलं.

एका दुपारी शेजाऱ्यांचा दुकानात फोन आला. काकू धावत घरी पोचल्या तेव्हा यजमानांना स्ट्रेचरवर घेत होते. त्या धावपळीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि मशीन फाडकन बंद पडलं. तेव्हा त्याच्याकडे बघणार कोण? हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे कितीतरी दिवस काकूंनी त्या मशीनवर चादर टाकून ठेवली. पण मनात एकच आधार धरला होता. माणूस गेला तरी त्याचं बोलणं आत आहे. दोन वर्षांची बडबड, थट्टा, रुसवे, सगळं आत पडून आहे. सवड झाली की पहिल्या पानापासून वाचायला बसायचं. रोज थोडं थोडं, पुरवून पुरवून. त्यावर त्या जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

चादर काढून मशीन लावलं आणि फाईल उघडायला गेल्या, तर खिडकी आली: फाईल खराब झाली आहे, उघडता येत नाही. काकूंनी लगेच ओके दाबलं.

लेक दूरच्या गावाहून चार दिवस राहायला आली होती. रविवार होता, दुकान बंद. दुपारी मायलेकी त्या टेबलाशी बसल्या. काकूंनी आधी कॉपी केली. 'उघडा आणि दुरुस्त करा' करून पाहिलं. नाही. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून पाहिली, तिथेही नाही. मशीन आपोआप काही कॉपी ठेवतं का, ते कोपरेकापरे धुंडाळले. काही सापडलं नाही.

लेक बघत होती. लहानपणापासून दुकानात बसलेली पोर, तिला काय कळत नव्हतं? ती हळूच म्हणाली, "आई, तू साइज बघितलीस का?"

"नाही बघितली."

"तू तर सगळ्यात आधी तेच बघतेस."

"सगळ्यांच्या फाईली वेगळ्या. ही माझी आहे," काकू फिस्कारल्या. लेकीच्या तेव्हा लक्षात आलं की आईने फोल्डरमध्ये नुसती चित्रंच दिसतील असं करून ठेवलं होतं, म्हणजे आकडा डोळ्यांपुढे यायलाच नको. लेक आकडा बघायला फाईलवर माउस न्यायला गेली तर काकूंनी तिचा हात धरला. "नको गं. नुसत्या अक्षरांना वजन नसतं. फोटो-बिटो काही नाहीत आत. लहानच दिसणार ती."

लेकीने माउस सोडला.

शेवटचा एक उपाय होता. अशी फाईल म्हणजे मुळात एक गाठोडंच असतं. मजकूर वेगळा, रचना वेगळी, सगळं एकत्र बांधलेलं. कॉपीच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, बदललं की मशीन तिला गाठोडं म्हणून सोडायला बघतं, आणि नशीब असेल तर मजकुराचा तुकडा हाती लागतो. काकूंनी शेपूट बदललं. मशीनने कुरकुर केली, अर्धं गाठोडं फाटलंय म्हणालं, पण मजकूर निघाला. चिन्हांच्या जंजाळातून काकूंनी एकेक शब्द वेचून नव्या पानावर मांडला. एकही अक्षर सुटू दिलं नाही.

"निघालं! बाई गं, निघालं!" लेकीने आईच्या गळ्यात हात टाकले.

पण ते पान भरलंच नाही. पाच ओळी, आणि खाली सगळं कोरं. काकू खाली जात राहिल्या, मग वर आल्या. पुन्हा खाली गेल्या.

"बाकीचं फाटलेल्या भागात राहिलं असेल ना, आई?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मजकुराचा तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड होता, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? फाटलं होतं ते दुसरंच. मजकूर एवढाच होता. आणि एवढाच का होता, तेही त्यांना आठवलं.

पहिल्या वर्षाअखेरची गोष्ट. फाईल वाढत वाढत शेकडो पानांची झाली होती, मशीन जुनं, सारखं अडकायचं. एका संध्याकाळी यजमानांना पाणी हवं होतं आणि मशीन ढिम्म हलेना. ते टेबलावर हात आपटत बसले. काकू दिवसभर दुकानात उभ्या राहून आलेल्या. त्या तडकल्या, "अहो, मागचं पुसत जा ना! काय करायचीय एवढी बडबड साठवून? कोण वाचणार आहे ती?"

यजमानांनी दोन्ही हात जोडून दाखवले होते. नेहमीचंच नाटक. काकूंना वाटलं होतं, ऐकताहेत कसले! ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून जन्मभर सांगितलं, तेही कधी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरळीत चालायला लागलं, ते का, असा प्रश्नसुद्धा फाईलवाल्या काकूंना पडला नाही. पडद्यावर रोज कोरी जागा दिसायची. त्यांना वाटायचं, आधीचं वर सरकलं असेल. रोज पहाटे ते कालचं सगळं पुसून बसत होते.

"उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाही या माणसाने," काकू म्हणाल्या, "आणि ऐकलं ते हे?"

लेकीला सगळं सांगताना त्यांना रडू फुटलं. लेकही रडत होती. मग तिने डोळे पुसून खुर्ची पुढे ओढली आणि त्या पाच ओळी मोठ्याने वाचल्या. यजमान गेले त्या दिवशी सकाळच्या होत्या.

उठलीस का
पाय दुखतोय का अजून
चहा मी करतो तू बस
आज उशिरा गेलीस तर चालेल
अगं ऐक ना

"पुढे काय सांगायचं होतं त्यांना?" लेकीने विचारलं.

"मला काय माहीत!"

"तू विचारलं नाहीस?"

काकूंनी पडद्यावर हात ठेवला, त्या शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर.

"मी चपला घातल्या होत्या गं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, संध्याकाळी ऐकते."