लुएलाच्या मागची रांग

साठी ओलांडल्यावर लुएला कॅगलला जे काम मिळालं, त्यात एवढंच होतं: आपण पुढे जायचं आणि लोकांना मागे येऊ द्यायचं.

बेथेल फेरी रोड दोन पदरी होता, तो चार पदरी होत होता. काम चालू असेल तिथे एकच पट्टी उघडी. एकदा इकडच्या गाड्यांनी जायचं, एकदा तिकडच्या. दोन्ही टोकांना हातात 'थांबा'ची पाटी धरलेला एकेक माणूस, आणि रांगेच्या पुढे लुएलाचा पांढरा पिकअप. टपावर गरगरणारा पिवळा दिवा आणि मागे हे भलंमोठं 'माझ्यामागे या'. तिकडच्या टोकाला पोचलं की कडेला व्हायचं, रांग सोडून द्यायची, वळायचं आणि तिकडची रांग घेऊन परत. दिवसभर. शेजारच्या सीटवर उकडलेल्या शेंगांची पिशवी.

लोक म्हणत, कंटाळा कसा येत नाही बाईला? लुएलाला उलट रोज आरशात बघून नवल वाटायचं. ती लहान असताना हा रस्ता म्हणजे लाल चिखल होता. गाडी आली की तिची आई कोण आलंय बघायला हातातलं काम टाकून खिडकीशी यायची. पुढे याच रस्त्यावर लुएलाने शाळेची बस चालवली. तिच्या बसमधली पोरं आता आजोबा व्हायला आली. आणि आता आरशात रांग दिसायची ती पार वळणामागे जाऊन नाहीशी व्हायची. एवढी माणसं येतात कुठून, असं तिने एकदा पाटीवाल्या टोबायसला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या वडिलांच्या कोंबड्यांच्या शेडमधून, मिस लुएला. तिथेच घरं बांधलीत ना सगळ्यांनी."

चर्चजवळची टेकडी कापली तेव्हा तर ती शेंगा खायची विसरली. आठवडाभरात टेकडी गेली. अशी टेकडी उभी करायला देवाला किती काळ लागला असेल, असं ती पुटपुटली. टोबायस म्हणाला, देवाला बरं होतं, सरकारी परवाने काढायचे नव्हते.

परवान्यांपेक्षा जास्त वेळ खाल्ला तो डॉयल स्टॅन्सिलने. त्याच्या दारात, अगदी रस्त्याला लागून, पेकानची, अक्रोडासारख्या फळांची झाडं होती, त्याच्या बायकोने लावलेली. बायको गेली, झाडं राहिली. रस्त्यासाठी ती द्यायला तो तयार नव्हता. एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेला, आणि तोवर सगळा गाव संध्याकाळी त्याच्या दारासमोर गाडीला गाडी लावून अडकून राहिला. कुणीतरी एकदा रागाने हॉर्न दाबला. मग तो रिवाजच पडला. स्टॅन्सिलचं घर आलं की हॉर्न. कुणी टुचकन, कुणी तळहात रोवून. नव्याने राहायला आलेले तर का वाजवायचा ते माहीत नसतानाही वाजवत. डॉयल पोर्चवर पेपर वाचत बसायचा. मान वर करायचा नाही.

शेवटी तो हरला. झाडं पडली. मार्चमध्ये डॉयलही गेला.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी त्याची मुलगी मार्ला रस्ता अडवायला मांडलेल्या ड्रमांमधून वाट काढत लुएलाच्या पिकअपपाशी आली. शाळेच्या बसमध्ये ही कायम पुढच्या सीटवर बसायची, बापासारखीच अबोल. ती खिडकीला हात लावून उभी राहिली.

"मिस लुएला, उद्या बाबांना न्यायचंय. चर्चमधून निघून पलीकडच्या दफनभूमीत. तुमच्याच पट्टीतून जावं लागणार."

"किती गाड्या?"

"चार. पाद्री धरून. कुणी आलं नाही तरी चालेल मला. पण उद्या त्या घरासमोर त्यांच्यावर कुणी हॉर्न वाजवायला नको. तेवढं एक नको."

या भागात शववाहिका दिसली की समोरची गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबते. कितीही घाई असो, ट्रकवालासुद्धा टोपी काढतो. ते कुणाला शिकवावं लागत नाही. पण आता कडेला जायचं तर कडच उरली नव्हती. एका अंगाला ड्रम, दुसऱ्या अंगाला खणलेला चर. आणि रांगेतली निम्मी माणसं तर इथली नव्हतीच.

"काळी गाडी माझ्या मागे लाव, पोरी," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना मी थेट फाटकाच्या आत नेऊन पोचवते."

बोलून तर बसली. रात्रभर तो हॉर्न तिच्याच कानात वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता, सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले. टोबायसने रांग थोपवून शववाहिका पुढे घेतली, मागे त्या चार गाड्या, आणि त्यांच्यामागे नेहमीचे सगळे, कामावर निघालेले, वैतागलेले. लुएलाने गिअर टाकला. इतक्या हळू ती कधीच गेली नव्हती. स्टॅन्सिलचं घर जवळ आलं तशी तिने आरशात मागची रांग पाहिली.

घरासमोर डांबर पसरायचं यंत्र चालू होतं, प्रचंड, वाफाळणारं. वरच्या माणसाने आरशाएवढ्या काचेतून खाली पाहिलं आणि यंत्र बंद केलं. मग रोलर बंद झाला. मग त्यापुढचं खणणारं यंत्र. माणसं खाली उतरली, हेल्मेट छातीशी धरून चराच्या कडेने उभी राहिली, चिखलात, जिथवर नजर जाईल तिथवर. लुएलाने काच खाली केली. कित्येक वर्षांत या रस्त्यावर तिला न ऐकू आलेलं ऐकू आलं: टपावरचा पाऊस, चरातले बेडूक. मागे गाड्यांचा समुद्र होता आणि त्यातून एकही आवाज येत नव्हता. घर मागे पडलं.

त्या भारावलेपणातच ती टोकाला पोचली, कडेला न होता सरळ गेली, आणि उजवीकडे वळून दफनभूमीच्या फाटकातून आत शिरली. वळताना तिची नजर बाजूच्या खिडकीतून मागे गेली. शववाहिका वळत होती. चार गाड्या वळल्या. पाचवी वळली. सहावी. त्यामागे प्लंबरची व्हॅन. टपावरचा दिवा गरगरत होता, 'माझ्यामागे या'ची पाटी जागच्या जागी होती, आणि सगळी रांग, रोजच्या सवयीने, निमूट तिच्या मागे येत होती.

वॉकीटॉकी खरखरला. टोबायस विचारत होता, रांग कुठे गेली.

"माझ्याबरोबर आहे."

"कुठे?"

"दफनभूमीत."

"सगळी?"

"बहुतेक सगळी."

आतला रस्ता एका गाडीपुरता, गोल फिरून परत फाटकाशी येणारा. तो भरला. आता कुणालाच हलता येईना. जे तिथे टाळलं ते आता इथे होणार, खड्ड्याच्या तोंडाशी. ती पावसात उतरली आणि व्हॅनच्या खिडकीशी गेली. चूक माझी आहे, म्हणाली, पाटी काढायची राहिली, मूठमाती होईपर्यंत गाड्या निघणार नाहीत.

"कुणाची?" प्लंबरने विचारलं.

खोटं सांगावंसं तिला क्षणभर वाटलं. "डॉयल स्टॅन्सिलची."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग काचेतून पुढे, शवपेटीकडे. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. लुएला पुढच्या गाडीकडे गेली, मग तिच्या पुढच्या. प्रत्येक खिडकीशी तेच वाक्य, तेच नाव. मागे एकेक इंजिन थांबत होतं. दारं उघडत होती. व्यायामाच्या कपड्यातली एक बाई, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली दोन पोरं, लेकराला कडेवर घेतलेला एक शीख गृहस्थ. ओल्या गवतावरून सगळे थडग्यांना वळसा घालून येत होते.

लुएला कशीबशी मार्लापाशी पोचली. "पोरी, ही माणसं ना..."

"माहितीय मला," मार्ला हळूच म्हणाली. "एकाने दाताच्या डॉक्टरचा दवाखाना कुठाय म्हणून विचारलं." तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि मग डोळे भरले. "असू द्या त्यांना."

पाद्र्याने एवढ्या माणसांपुढे कधी प्रार्थना केली नसावी. त्याचा आवाज आधी फाटला, मग चढला. ती संपल्यावर प्लंबर पुढे आला आणि मार्लासमोर अवघडून उभा राहिला. मी रोज तुमच्या घरावरून जातो, एवढंच बोलला.

"हॉर्न वाजवायचात?"

"वाजवायचो."

मार्लाने मान डोलावली, आणि बाजूला सरून त्याला जागा करून दिली. त्याने वाकून लाल मातीची मूठ भरली, शवपेटीवर टाकली आणि सरकला. त्याच्या मागून ती व्यायामाच्या कपड्यातली बाई आली. मग ती पोरं. मग लेकराच्या मुठीत चिमूटभर माती देणारा तो बाप. पाऊस वाढला होता. कामांना उशीर होत होता, शाळा भरत होत्या, तिकडच्या टोकाला दुसरी रांग खोळंबली होती. लुएला पिकअपला टेकून बघत राहिली. कुणी कुणाला पुढे हो म्हणत नव्हतं.