‘पण’च्या पुढचं

डेपोत त्याला सगळे रेडिओ म्हणत. कंडक्टर होता तेवढी वर्षं त्याचं तोंड कधी बंद नव्हतं. तिकिटं फाडता फाडता तो म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, भांडणाऱ्या जोडप्याची समजूत घालायचा, आणि घरी आल्यावर ते सगळं बायकोला पहिल्यापासून ऐकवायचा. बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर अक्षरांत डोळे घालून आलेल्या तिला घटकाभर शांतता हवी असायची. “अहो, बॅटरी काढा की जरा,” ती म्हणायची.

पुढे आजारानेच बॅटरी काढली. आधी हाताची बोटं गेली, मग पाय, मग जीभ. राहिले ते डोळे. तिने नोकरी सोडली आणि त्याच्या खाटेशी खुर्ची टाकली. खाटेवर आडव्या दांडीला कॉम्प्युटर लावला होता. त्याचा कॅमेरा डोळ्यांकडे बघायचा. पडद्यावरच्या अक्षरावर रेडिओने नजर रोखली की ते उमटायचं, शब्द पुरा झाला की यंत्रातला परका आवाज तो बोलून दाखवायचा. उजवीकडे त्याची बुबुळं वळत नव्हती. म्हणून थेरपिस्ट बाईंनी कितीतरी दुपारी बसून सगळी अक्षरं डाव्या बाजूला आणली होती, नजर किती वेळ ठरली की ती धरायची हेही बेतून दिलं होतं. हे सगळं कॉम्प्युटरमधल्या एका सेटिंगच्या फाइलीत होतं. तिला त्या फाइलीचा पत्ताही नव्हता.

त्या सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. श्वास कमी पडतोय, गळ्यात नळी बसवायची की नाही ते आज ठरवा, म्हणाले. “संध्याकाळी येतो. उत्तर त्यांच्याकडूनच हवं. आता गुंगी वाढत जाईल, उद्या विचारण्यात अर्थ राहणार नाही.”

डॉक्टर गेल्यावर रेडिओने पडद्यावर नजर लावली. मग हळूहळू अक्षरं उमटू लागली. यंत्र म्हणालं, “नळी बसवा. पण”

आणि वीज गेली.

वीज परत आली, कॉम्प्युटर चालू झाला, पण बोलायचा प्रोग्राम उघडला की लगेच मिटायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला पडद्यावर चौकट आली: सेटिंग वाचता येत नाही, मूळ सेटिंग आणायची का? तिने माउस ‘हो’वर नेला आणि सहज त्याच्याकडे बघितलं. रेडिओ खाली बघत होता. खाली म्हणजे ‘नाही’. पुन्हा खाली. पुन्हा. डोळे फाडून तो ‘नाही’ म्हणत होता.

“नको? बरं, नको,” ती म्हणाली आणि हात मागे घेतला. मूळ सेटिंग म्हणजे पडदाभर अक्षरं. निम्म्यांपर्यंत त्याची नजर पोचलीच नसती.

नणंद स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “वहिनी, दादा नळी बसवा म्हणालाय ना? मग झालं की. डॉक्टरांना सांगून टाकू.”

“वन्सं, ते ‘पण’ म्हणाले.”

“त्या ‘पण’चं काय घेऊन बसलीस?”

“ते काय हे मला कळत नाही, म्हणूनच घेऊन बसलेय!” ती ओरडली. मग तिलाच वाईट वाटलं. नणंदेच्याही डोळ्यांत पाणी होतं.

अक्षरांचा पुठ्ठ्याचा तक्ता काढून बघितला. ती एकेक अक्षर बोटाने दाखवायची, हवं ते आलं की तो वर बघायचा. ‘त’ मिळालं. मग ‘ऊ’. पुढच्या अक्षरापर्यंत त्याच्या पापण्या मिटल्या. तिने गालावर ओला फडका फिरवला, हाका मारल्या. डोळे उघडले, पण नजर कुठे ठरेना. ‘तऊ’ म्हणजे ‘तू’ असेल, पण पुढे काय?

थेरपिस्ट बाईंचा फोन बंद. प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला लावला. बऱ्याच वेळाने एक माणूस बोलायला आला. प्रोग्राम काढून पुन्हा टाका, म्हणाला.

“आणि सेटिंग?”

“ती नव्याने करावी लागेल, बाई.”

“त्यांची नजर उजवीकडे जात नाही हो. संध्याकाळी डॉक्टर येणार आहेत. त्यांना गळ्यात...” फोन धरून ती नुसती रडली.

पलीकडचा माणूस म्हणाला, “काही पुसायचं नाही. मी सांगतो तसं करा. आधी तो सेटिंगचा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. बिघडलं तरी परत येता येईल.”

फोल्डरात बऱ्याच फाइली होत्या. एकेक बाहेर काढायची, प्रोग्राम उघडून बघायचा, मिटला की ती परत आत टाकून दुसरी काढायची. उघडला, मिटला. उघडला, मिटला. एक फाइल बाहेर काढल्यावर प्रोग्राम मिटला नाही. अक्षरं पडदाभर पसरली, रेडिओच्या उपयोगाची नव्हती, पण प्रोग्राम उघडा राहिला.

“सापडली!” तो माणूसही फोनवर ओरडला. “वीज गेली तेव्हा तीच लिहिली जात असणार. नोटपॅडमध्ये उघडा.”

वरचा अर्धा भाग ठीक होता, ओळीला अवतरणचिन्हांत एक नाव, त्यापुढे आकडा. मध्येच नुसते चौकोन लागले, आणि फाइल ओळीच्या मध्यावर तुटली. पण शेजारीच त्याच नावाची एक जुनी प्रत होती. कधीतरी प्रोग्रामनेच ठेवलेली.

“जुनीच चालवू का?”

“चालेल, पण नंतर काय काय बदललंय ते बघावं लागेल.”

दोन्ही फाइली तिने शेजारी लावल्या, आणि छापखान्यात ताडून बघायची तशी मोठ्याने वाचत एकेक ओळ ताडली. वरच्या भागात जिथे फरक होता तिथला नवा आकडा घेतला. चौकोनांत गेलेल्यांसाठी जुने. नजर किती ठरायची, तो आकडा मात्र जुना नको होता. थेरपिस्ट बाईंनी मागे तो वाढवला होता, एवढंच तिला आठवत होतं. रेडिओला जाग होती. “अहो, मी आकडे म्हणते. बरोबर आला की वर बघा.” ती म्हणत गेली. एका आकड्याला त्याने वर बघितलं. खात्रीसाठी तिने मुद्दाम चुकीचा म्हटला, तेव्हा त्याने खाली बघितलं. बाई बदलत होत्या तेव्हा त्याचं लक्ष होतं तर!

फाइल जागेवर ठेवली. प्रोग्राम उघडला.

मिटला.

खाटेच्या दांडीवर डोकं टेकून ती म्हणाली, “मला नाही जमत हो. मला नाही जमत.” नणंद पाठीवरून हात फिरवत राहिली. फोनवरचा माणूस म्हणाला, “बाई, जिथे जोडलंय तिथे बघा. खूण राहिली असेल एखादी.”

डोळे पुसून तिने पुन्हा वाचलं. जोडाच्या ओळीत अवतरण उघडलं होतं आणि मिटवलं नव्हतं. “जन्मभर लोकांची अवतरणं मिटवली आणि स्वतःचं राहिलं,” ती पुटपुटली. खूण घातली.

प्रोग्राम उघडला आणि उघडा राहिला. अक्षरं डावीकडे, आपापल्या जागी. नणंदेने तोंडावर पदर दाबला. फक्त रेडिओने जमवलेली वाक्यं गेली होती. पाहुण्यांना टाकायच्या कोपरखळ्या, झोपताना बायकोला म्हणायचं काहीबाही, सगळं दुसऱ्या एका फाइलीत होतं आणि ती कोरी निघाली. तिची जुनी प्रत नव्हती. फोनवरच्या माणसानेही हात टेकले.

डॉक्टर आले तेव्हा रेडिओ लिहीत होता. सगळे उभ्या उभ्या वाट बघत राहिले. यंत्र म्हणालं, “नळी बसवा. पण तू एकटी करायचं नाहीस. बाई ठेव. छापखान्यात परत जा.”

“अहो, हे काय बोलण्याची वेळ आहे का?”

“नाहीतर नळी नको.”

“धमकी देताय?”

रेडिओने वर बघितलं.

डॉक्टर नणंदेकडे वळून म्हणाले, “हे आधीपासूनच असे आहेत का?” नणंद हसता हसता रडायला लागली. बायको मात्र हसली नाही. त्याच्या उशाशी वाकून ती बराच वेळ भांडली, आणि शेवटी म्हणाली, “अर्धा दिवस. त्यापुढे एक मिनिट नाही.” त्याने वर बघितलं.

नळी बसली. दुखलं फार. पहिल्या आठवड्यात त्यालाही पस्तावल्यासारखं झालं आणि तसं त्याने लिहूनही दाखवलं. नळी साफ करायला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला बाई मिळाली, ती बसल्या बसल्या घोरायची. त्यावरून रेडिओने रोज एक नवं वाक्य जमवायला घेतलं. बायको दर शनिवारी सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायची. दुपारी छापखान्यातून आली की चपला काढायच्या आत आतून यंत्राचा आवाज यायचा, “आज काय काय झालं ते पहिल्यापासून सांग.” आणि दमलेली असली तरी ती सांगायची.