पिशवीचा प्रश्न सुटला

गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना मासिक पाळीवर शिकवायला मी गेली काही वर्षं बुलढाण्याहून मेहकर तालुक्यात जाते. या ताईंनी आपापल्या गावात जाऊन बायकांशी आणि मुलींशी मोकळेपणानं बोलावं, जुने समज खोडून काढावेत, अशी अपेक्षा असते. माझा नवरा बँकेत आहे. तो याला पालथ्या घड्यावर पाणी म्हणतो. पूर्वी मी त्याच्याशी भांडायची. हल्ली गप्प बसते, कारण भांडायला मुद्दे उरले नाहीत.

प्रशिक्षणात एक एप्रन असतो. त्यावर पोटाच्या जागी गर्भाशयाचं चित्र असतं. एकीनं तो घालून उभं राहायचं आणि बाकीच्यांना समजावून सांगायचं. पहिल्या दिवशी सगळ्या एकमेकींना पुढे ढकलतात. जानेफळकडची एक ताई मात्र आपणहून उठली, एप्रनची गाठ मारली आणि म्हणाली, “हे पाहा बायाहो, हे लेकराचं घर हाये. पाव्हना येईन म्हनून अंथरून टाकलं, पाव्हना नाई आला, तं अंथरून काढून टाकलं. त्याले इटाळ काऊन म्हनायचं?”

सगळ्या खळखळून हसल्या. मला ती बाई तेव्हाच आवडली. तिशी नुकतीच ओलांडलेली, दोन लेकरांची आई, बोलायला तिखट. पुढच्या प्रत्येक प्रशिक्षणाला मी तिला मुद्दाम बोलावू लागले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती हळूच म्हणाली, “मॅडम, मले पिशवी काढा म्हन्ते डॉक्टर.” तिला फार रक्तस्राव व्हायचा, थांबता थांबायचा नाही. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवीच म्हणतात, आणि ती काढणं दाढ काढण्याइतकं सोपं झालं आहे. माझं डोकं तडकलं. मी तिला बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. पिशवी चांगली होती. अंगात रक्त कमी होतं, आणि दर सणाला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या खाऊन सगळं बिघडलं होतं. औषधानं बरं होईल, असं त्या म्हणाल्या.

“नाई काढत मंग,” ती बाहेर आल्यावर म्हणाली, आणि रडली. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं, बघ, एका बाईची पिशवी वाचवली. फुशारकीच होती ती, पण आनंद खरा होता.

औषध लागू पडलं. काही महिन्यांनी मी तिच्या गावात गेले, तेव्हा तिच्या घरीही डोकावले. ती ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. बाजूला वेगळा तांब्या, वेगळी ताटली. मला पाहून तिनं मान खाली घातली. चहा सासूनं आणला. म्हातारीची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, कप बशीवर खडखड वाजत होता.

मी चिडून म्हणाले, “अहो, ही साऱ्या गावाला काय शिकवते, आणि तुम्ही हिला कोपऱ्यात बसवता?”

सासू चिडली नाही. “तिचं म्हननं मले पटते मॅडम. पन घरात देव हाये, महालक्ष्म्या बसतात. काई वाईट झालं तं दोष कोनाले लागंन? ती बसली का माह्या ह्या हातानं भाकरी थापाव्या लागतात. रडू येते मले.”

“मग तिलाच थापू द्या.”

“तुमी संध्याकायच्या गाडीनं बुलढाण्याले जासान,” म्हातारी म्हणाली. “आमाले इथंच राह्यनं हाये.”

ताई मला फाट्यापर्यंत सोडायला आली, अंतर राखून चालत. “औषधानं अंगावरून जानं कमी झालं,” ती म्हणाली, “पन पाळी तं येतेच ना. मी कोपऱ्यात बसली का साऱ्या गल्लीले दिसते. मंग बाळंतिनीच्या घरी जा, तं तिची सासू दारातूनच वापस करते. लेकराचं वजन घेऊ देत नाई. काम तरी कसं करू मी?”

मी तिला म्हणाले, घरच्यांशी हळूहळू बोल, धीर धर. एसटीत बसल्यावर माझेच शब्द मला पोकळ वाटले.

पुढचं प्रशिक्षण ऐन हिवाळ्यात आलं. सगळ्या शाली पांघरून बसल्या होत्या. ती मात्र घामानं डबडबलेली, पुस्तिकेनं वारा घेत होती. मला कळलं. तरी विचारलं.

“काढून टाकली मॅडम,” ती म्हणाली. “सुटली मी.”

“पिशवीबरोबर अजून काय काढलं?”

“ते नाई इचारलं. डॉक्टर म्हने, सारं साफ करून देतो.”

बीजकोषही गेले असणार, म्हणूनच हा घाम. या वयात. मला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ती समाधानानं सांगत होती, “औंदा महालक्ष्म्याचा सारा सैपाक म्या केला, सोळा भाज्या, आंबील, सारं. सासूले आराम पडला. बाळंतिनीच्या घरी आता कोनी अडवत नाई. कोपराच संपला.” बोलता बोलता ती पुन्हा वारा घेऊ लागली. मी डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर म्हणाली, आता कायले.

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या ताई डबे घेऊन तिच्याभोवती जमल्या. मला वाटलं, हळहळतायत. जवळ गेले, तर त्या विचारत होत्या, डॉक्टर कोणता, आराम किती लागते, घरच्यांनी लगेच हो म्हटलं का. “माह्याही घरी हेच हाये,” एक म्हणाली, आणि आणखी दोघींनी माना हलवल्या. या सगळ्या मी शिकवलेल्या.

मी मध्ये पडले. चांगली पिशवी काढू नका, त्रासाला औषध असतं, या वयात काढली तर पुढं हाडं ठिसूळ होतात, जीव नकोसा होतो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग त्यांच्यातली सगळ्यात लहान, नुकतीच कामाला लागलेली, म्हणाली, “मॅडम, त्या औषधानं शिवाशीव बंद होते का?”

ती थट्टा करत नव्हती. सगळ्याजणी घास हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.