पाच ठोके

आमच्या अंधेरीच्या कंपनीत कॉम्प्युटरला पडदा नव्हता, सगळं कागदावर खडखडत छापलं जायचं. पासवर्ड कुणी वाचू नये म्हणून मशीन आधी त्या जागी अक्षरांवर अक्षरं ठोकून काळा पट्टा करायचं, त्यावर आपण टाइप करायचं. तरीही आमचा मालवणी ऑपरेटर दरवेळी भिंतीकडे तोंड करायचा. "तुजा तुज्याकडेच रवांदे," म्हणायचा. मला त्याच्या सभ्यतेचं भारी कौतुक.

माझा पासवर्ड म्हणजे लग्न ठरलेल्या मुलीचं नाव; तेच नाव सांगत मी ऑफिसभर पेढे वाटले होते. एका सोमवारी मी तो बदलला. का, ते घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं.

नवा पासवर्ड टाइप झाला. भिंतीकडे बघतच तो हळूच म्हणाला, "रोज पाच ठोके पडायचे, आज आठ. लगीन मोडला काय रे?"