अण्णांच्या राहिलेल्या दोन ओळी

भानुदासअण्णा गेल्याचा फोन काकूंनी सकाळीच केला. "भाऊ, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. आज पाच आठवड्यांनी खरं सांगतो... फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता अण्णा विचारणार नाहीत, असं आलं आणि मला हलकं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

अण्णा मूळचे पाथर्डीकडचे. सगळी नोकरी सरकारी हवामान केंद्रावर निरीक्षक म्हणून झाली. निवृत्तीनंतरही भिंगारच्या घरी परसातल्या लाकडी पेटीत तापमापक टांगून ते रोज सकाळी वहीत नोंद घेत, मफलर गुंडाळून, चहाच्याही आधी. माझ्या तापाला कधी इतक्या वेळा थर्मामीटर लावला नाही, असं काकू म्हणायच्या. मी कॉलेजात भूगोल शिकवतो आणि रविवारच्या या पुरवणीत लिहितो, त्यामुळे त्यांच्या वह्या वाचायचा मान माझा. आपल्याकडे काही वर्षं थंडी जोरात पडते, काही वर्षं स्वेटर ट्रंकेतून निघतच नाही, याचा धागा अण्णा पार उत्तर ध्रुवापर्यंत नेत. तिकडे हिवाळ्यात आभाळात उंचावर वाऱ्यांचं मोठं कडं फिरतं. ते आवळलेलं असलं की थंडी ध्रुवावर कोंडून राहते, सैल पडलं की खाली उतरते. आवळण्या-सुटण्याचा हा कल कधी कधी दशकभर टिकतो, मग हळूहळू पालटतो. "खळ्यावरचे बैल बघितलेत ना? मधल्या खांबाला धरून चालले तर आत ऱ्हात्यात. सैल सुटले की बाहेर पाय टाकत्यात," ते सांगायचे. पण ध्रुवावरचा प्रत्येक वारा आपल्या अंगणात येतो असं समजू नका, हेही लगेच बजावायचे.

मी त्यांच्यावर लेख लिहिला. शेवटी घालायला त्यांनी दोन वाक्यं आग्रहाने सांगितली होती. ती मी गाळली. उदास वाटत होती, लेखाची गोडी जात होती... माझा शहाणपणा. मथळा दिला, 'थंडीचा फेरा परत येणार'. लेख मोबाईलवरून गावोगाव फिरला आणि देवळाली प्रवऱ्यात शेतकऱ्यांच्या मेळाव्यात अण्णांचा सत्कार ठरला. हवा तापतेय वगैरे सगळं खोटं आहे, हे अण्णांनी सिद्ध केलंय, असं निवेदकाने जाहीर केलं. खांद्यावर शाल, हातात नारळ, अशा अवस्थेत अण्णा माईकपाशी गेले. "मी आसं म्हनलोच न्हाई," ते म्हणाले. निवेदकाने हसत माईक काढून घेतला आणि अण्णांच्या विनयाचं कौतुक केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पहिल्या रांगेत होतो. मीही टाळ्या वाजवल्या.

परतताना जीपमध्ये त्यांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सर, त्या दोन ओळी फुडच्या रविवारी टाका." टाकतो म्हणालो. पण चूक कबूल करून छापायची म्हणजे माझ्या नावाला कमीपणा येणार होता. दोन हिवाळे गेले. भेटलो की ते विचारत, कधीही न रागावता, आणि मी पुढचा रविवार सांगे. शेवटी शेवटी मी त्यांच्या गल्लीने जाणंच सोडलं.

तेराव्यानंतर काकूंनी वह्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीत माझा लेख डकवलेला होता. खाली अण्णांच्या अक्षरात, पेन्सिलीने: 'फेरा आहे, म्हणून जुनी थंडी तशीच परत येईल असे नाही. माणसाच्या धुरामुळे प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा उबदार होत चालला आहे.'

त्यांचं एवढंच म्हणणं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचत बसलो. काकूंनी चहा आणून ठेवला.

"लई वाट बघितली त्यांनी," त्या म्हणाल्या. "पन तुमाला बोल लावला न्हाई कधी. म्हनायचे, सरांचा काय दोष... पेपरात जागाच नसंल."

जागा होती.