माझ्या तोंडाला लावलेली पट्टी

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात, महाल नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरच्या बैठकीत, एका माणसानं माझ्या तोंडाला चक्क पट्टी लावली. आठवलं की आजही डोकं फिरतं, आणि फिरलंच पाहिजे!

मला पाहायला आले होते. तेव्हा मुलगी पाहायची म्हणजे चालवून बघायची, पेपर वाचायला लावायचा, वेणी खरी की गंगावन तेही कुणी मावशी ओढून बघायची. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, पण पोह्यांची बशी पुढं करताना मान खालीच. मुलगा बरा दिसत होता. त्याचे मामा शाळेत ड्रॉइंग मास्तर. पोहे संपवून त्यांनी खिशातून पट्टी काढली.

"घाबरू नको वं पोरी, शास्त्र आहे हे," मामा म्हणाले. "केसापासून भुवईपर्यंत एक भाग, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. तिन्ही सारखे पाहिजेत. अन् दोन डोळ्यांच्या मधात एक डोळा मावला पाहिजे."

कपाळाला, नाकाला ती लाकडी कड टेकत गेली. बाजारात भोपळा नख लावून बघतात, तशी मी बसले होते. भोपळ्याला निदान ऐकू येत नाही.

पाहिजे म्हणे! हजार चेहरे मोजून कुणी सरासरी काढली, तर ती सरासरी असते, हुकूम नसतो. चित्र काढताना आधी चार रेघा आखायला ठीक आहे ती. गणित बिचारं कुणाला 'पाहिजे' म्हणत नाही. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता उठतील, आता म्हणतील, पुरे करा मास्तर.

"हनुवटी कमी भरते," मामांनी निकाल दिला. "बाकी ठीक."

आणि बाबा हात जोडून हसले! "हो, तेवढं आहे खरं. आईवर गेली ना. सांभाळून घ्या."

आईवर? आईची हनुवटी चांगली लांब होती. आखूड हनुवटी बाबांची, तीच जशीच्या तशी माझ्या तोंडावर उतरलेली. दाराआड उभ्या असलेल्या आईनं ते ऐकलं आणि ती चहा गाळायला गेली.

आठवड्याभरात होकार आला. शेजारी वाटायला आईनं साखर काढली. मी म्हटलं, मला नाही करायचं हे लग्न.

बाबा ताडकन उठले. "येड लागलं काय तुले? ते हो म्हणून राहिले, अन् तू नाही म्हणतं? काहून? पोरात काय खोट आहे?"

"पोरगा तिथंच बसला होता अन् गप्प होता, हे एक," मी म्हटलं. "पण मले राग तुमचा आला, बाबा. माझ्या तोंडावर तुमचंच तोंड आहे. अन् तुम्ही त्याबद्दल हात जोडून माफी मागितली."

बाबांचा हात आपसूक हनुवटीवर गेला. पोरी, चुकलं माझं, एवढं तरी म्हणतील म्हणून मी तिथंच उभी राहिले.

ते आईकडे वळले. म्हणाले, "साखर आत ठेवून दे."